ई, जे, के, बी, एच म्हणजे मराठी

मामांच्या लॅपटॉपसमोर पहिल्यांदा बसलो तेव्हा मला वाटलं, स्पीकर बिघडलाय. आतून येणारी बडबड इतकी भरधाव होती की ती मराठी आहे हेसुद्धा उमगेना. मामा मात्र बशीतला चहा फुंकत निवांत ऐकत होते, मध्येच हसलेही. मग त्यांनी दोन-तीन कळा दाबल्या. "घे, तुझ्यासाठी बैलगाडी केली." आता कळलं, कादंबरी चालली होती.

मामांची नजर चाळिशीतच गेली. ते वापरतात ते एनव्हीडीए हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी ते सुरू केलं, पुढे जेम्स टेह जोडीला आले, आणि दोघेही अंध. पडद्यावर जे असेल ते हे सॉफ्टवेअर उचलतं आणि बोलणाऱ्या इंजिनाकडे सोपवतं. मामांचं इंजिन ई-स्पीक. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मी मोठ्या उत्साहाने त्यांना नवा, माणसासारखा बोलणारा आवाज घालून दिला. दोन दिवसांत त्यांनी तो काढून टाकला.

कारण ऐकण्यासारखं आहे. 'आ' आणि 'ई' यांतला फरक आपल्या तोंडाच्या पोकळीत कोणत्या वारंवारता जोरात घुमतात यावर ठरतो. ई-स्पीक त्या वारंवारतांचं गणित मांडून आवाज घडवतो. त्यात कुणा निवेदकाचं रेकॉर्डिंग सलग जोडलेलं नसतं, म्हणून डझनावारी भाषा घेऊनही तो काही एमबींत मावतो. एकच अक्षर तो दर वेळी जवळजवळ सारखंच उच्चारतो, त्यामुळे कान त्याला सरावतात. त्याचा मूळ वेग मिनिटाला १७५ शब्दांचा, पण तो ४५०च्या घरात नेला तरी सरावलेल्या कानाला शब्द सुटे ऐकू येतात. नव्या आवाजात भावना होत्या, पण कळ दाबल्यावर तो क्षणभर थांबायचा आणि वेग वाढवला की मामांच्या भाषेत 'भाताची पेज' व्हायची. डोळस माणूस पान चाळतो तसे मामा परिच्छेद चाळतात. त्यांना कळ दाबताक्षणी आवाज हवा असतो.

मराठी मात्र कुठल्याही इंजिनाचा घाम काढते. 'या जगात नीट जग' हे वाक्य घ्या. पहिला 'ज' जीवनातला, दुसरा जहाजातला. लिहिताना अक्षर तेच, त्यामुळे अर्थ कळल्याशिवाय उच्चार ठरत नाही. 'चमचा'तला शेवटचा 'च' अनेकवचनात 'चमचे' झाला की बदलतो. हे मामा सोसतात. "तुम्ही नाही का टायपातल्या चुका सोसत?"

न सोसण्यासारखं वेगळंच आहे. एकदा त्यांच्याकडे एका पुस्तकाची फाइल आली. मला पडद्यावर सुरेख मराठी दिसत होतं आणि लॅपटॉप मात्र काहीतरी अगम्य पुटपुटत होता. मामांनी बाणाची कळ दाबत एकेक अक्षर ऐकवलं: ई, जे, के, बी, एच. मी पाहिलं, तिथे 'मराठी' लिहिलं होतं! मजकूर कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला. अशा जुन्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी अक्षरं रोमनच असतात, फक्त त्यांच्यावर देवनागरीचं चित्र चढवलेलं असतं. डोळ्यांना मुखवटा दिसतो, सॉफ्टवेअरला आतलं दिसतं. युनिकोड या जगभर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत 'म' हा आतूनही 'म'च असतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरी अशा फायली आजही येतात, याचा मला खरोखर राग येतो.

स्कॅन केलेल्या पीडीएफची तऱ्हा आणखी निराळी. तिथे अक्षरंच नसतात, नुसता फोटो. मग ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर लावायचं, आणि ते जुन्या छपाईतल्या 'ख'ला 'रव' समजतं. 'खाणे'चं 'रवाणे' होतं. शिवाय प्रत्येक पानाच्या डोक्यावरचा पानाचा आकडा आणि प्रकरणाचं नाव ऐन वाक्याच्या मध्यात घुसतं: "तिने दार उघडलं आणि सत्तेचाळीस प्रकरण तिसरं समोर तोच उभा होता."

ईपब हा ई-पुस्तकांचा फाइलप्रकार त्यामानाने सज्जन. आत वेबपानासारखीच रचना असते, आणि शीर्षकं नीट नोंदवलेली असली तर 'एच' दाबलं की पुढचं प्रकरण. कायद्याचीही आता आडकाठी नाही. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे अंध वाचकांसाठी पुस्तक नफा न कमावता वाचनसुलभ रूपात आणायला परवानगी लागत नाही. याच विषयावरचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश शहरात झाला आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे.

मामांना एव्हाना कृतिदेवची निम्मी अक्षरं पाठ झालीत. परवा कुणीतरी पाठवलेली फाइल उघडली, बाणाची कळ पाचदा दाबली आणि मला हाक मारली. "ई, जे, के, बी, एच. मराठीच आहे रे. लाव कन्व्हर्टरला, तोवर मी चहा टाकतो."