कोकणात वाईनची द्राक्षं का नाहीत: थोडी पार्श्वभूमी

गणपतीला नाहीतर मे महिन्यात कुणीतरी चाकरमानी गावी येतो, नाशिकची एखादी वायनरी बघून आलेला असतो, आणि मग पडवीत बसून विषय निघतोच, की घरची एवढी जमीन पडून आहे, आंब्याची कलमं म्हातारी झालीत, वाईनची द्राक्षं का नाही लावायची. त्यावर ठरलेलं उत्तर, "इथे गरम होतं रे." पण गरम तर नाशिकलाही होतं, एप्रिलमध्ये रत्नागिरीपेक्षा जास्तच. खरी गोष्ट जरा वेगळी आहे.

वाईन कोकणाला नवीन नाही, नवीन आहे ती वेल. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक भाषेतल्या सागरी वर्णनात चौल, सोपारा, कल्याण ही आपली बंदरं येतात, आणि भूमध्य समुद्राकडून वाईन भरून येणाऱ्या लांबट, दोन कानांच्या मातीच्या भांड्यांची खापरं घारापुरीला सापडली आहेत. माल इथे उतरायचा, मळे तिकडे. पुढे १५३४ ला वसई पोर्तुगीजांकडे गेली, तिथल्या ख्रिस्ती घरांत आजही नाताळच्या आधी बरणीत काळी द्राक्षं नाहीतर मनुका, साखर, यीस्ट आणि मूठभर गहू घालून वाईन लावतात, पण द्राक्षं बाजारातूनच येतात.

आता उन्हाचं. थंड देशात द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते, आपल्याकडे ती झोपतच नाही, वाढत राहते. म्हणून घाटावरच्या बागायतदारांनी दोन छाटण्यांची पद्धत बसवली: एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून नवी काडी तयार होते आणि तिच्या डोळ्यात, म्हणजे काडीवरच्या कोंबात, पुढचा घड धरतो, मग ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि माल जानेवारी ते मार्च. म्हणजे पीकच कोरड्या थंडीत आणून बसवलं, ऊन असून अडत नाही. नाशिकजवळ ओझरला १९२५ च्या सुमारास खायच्या द्राक्षांपासून सुरुवात झाली, वाईनची द्राक्षं त्या भागात फार नंतर आली. नारायणगावला १९८० च्या दशकात शॅम्पेनच्या धर्तीची फेसाळ वाईन बनायला लागली, आणि नाशिकला राजीव सामंत यांनी घरच्या वीसेक एकरांवर आधी आंबा, गुलाब, साग असं करून बघितलं आणि मग वाईनच्या द्राक्षांकडे वळले. सुला ही वायनरी त्यातूनच उभी राहिली. म्हणजे तिकडे आंबा करून द्राक्षाकडे आले आणि आपण आंब्यात बसून द्राक्षाचं स्वप्न बघतोय, असो.

हेच वेळापत्रक कोकणात लावून बघा. एप्रिलच्या छाटणीनंतर दीड-दोन महिने डोळ्यात घड धरायला स्वच्छ ऊन लागतं, आपल्याकडे जून उजाडला की आभाळ भरलंच. नाशिकला वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस, रत्नागिरीला ३००० च्या वर. ऑक्टोबरात छाटणी करायची तेव्हा परतीचा पाऊस अजून गेलेला नसतो, नंतर समुद्राची दमट हवा आणि सकाळचं दव. परसात हौसेने पत्र्यावर चढवलेली वेल ज्यांच्याकडे आहे त्यांनी केवडा रोग बघितलाच असेल: पानावर तेल सांडल्यासारखे पिवळट डाग, पान उलटं केलं की पांढरी लव, आणि हाच रोग फुलोऱ्यात घडावर आला की पीक हातचं गेलं. फवारण्या करता येतात, पण किती, आणि घरच्या दोन एकरांना तो खर्च परवडणार कसा. गंमत म्हणजे नाशिक-सांगलीकडे बागा डॉगरिज खुंटावर चढवल्या, म्हणजे डॉगरिज नावाच्या चिवट वेलीच्या मुळांवर कलम केल्या, त्या पाण्याच्या टंचाईला आणि खारट जमिनीला तोंड द्यायला, आपली अडचण बरोबर उलटी.

मला मात्र जास्त खटकतो तो कायद्याचा भाग. कोकणात आंबवायची कला घराघरात होती, माडाची माडी, काजूच्या बोंडाचा रस, उत्तरेला मोह. इंग्रजांनी १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माडावर कर आणि गाळपावर सरकारी पकड बसवली, त्यात माडी काढणाऱ्या भंडारी समाजाचा पिढीजात धंदा मोडत गेला, १८९२ ला तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं घरात साठवण्यावरच बंधनं आली, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याने उरलंसुरलं अंधारात ढकललं. गोव्यात तोच काजू, पण तिथली फेणी उघड विकली जात राहिली आणि २००९ ला तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. आपल्या सिंधुदुर्गात बी काढून घेतली की बोंडं झाडाखाली कुजतात.

२००१ ला महाराष्ट्राने वाईनला हात दिला तो द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणातून, वायनऱ्यांसाठी वाईन पार्क ठरले नाशिककडे विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला, दोन्ही घाटावर. कोकणच्या फळांची आठवण फार उशिरा झाली, काजूबोंड आणि मोहाच्या दारूला देशी दारूच्या वर्गातून काढायचा निर्णय आला तो २०२२ ला. डहाणूकडे बोर्डीला चिकूची वाईन बनते, जांभूळ-करवंदावरही लोक प्रयोग करतायत, आणि पडीक जमिनीवर काहीतरी करायचंच असेल तर त्या चाकरमान्याने विंचूरऐवजी बोर्डीला एक चक्कर मारावी. द्राक्षाचीच वाईन हवी असेल तर द्राक्षं घाटावरून विकत आणून गाळावी लागतील, त्याला जमीन लागत नाही, लायसन्स मात्र लागतं.