कोठार उघडायचं कोणी?

दौंड-मनमाड रेल्वेमार्ग 1878 मध्ये सुरू झाला. त्याच्या भरावाची माती 1876-78 च्या दुष्काळात पोटासाठी कामावर आलेल्या माणसांनी वाहिली. आज त्याच मनमाडला भारतीय अन्न महामंडळाची अवाढव्य गोदामं उभी आहेत. उपाशी माणसाला धान्य द्यायचं की नुसतं काम द्यायचं, याबद्दलचं सरकारचं मत या दोन टोकांच्या मधल्या काळात पार बदललं. नाशिकमध्ये 2027 च्या सिंहस्थाची तयारी सुरू आहे आणि गोदेचा पूर काही सिंहस्थाची वाट बघत नाही. म्हणून हा इतिहास आत्ताच उगाळावासा वाटतो. माझ्या मते त्यातला मुख्य प्रश्न एकच आहे: साठा कोणाच्या शब्दावर उघडतो?

साठवण आपल्याकडे नवी नाही. कणगी, बळद, पेव हे शब्दच साक्ष देतात. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, तोंड बंद केलेलं. ते उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी दिवा सोडून बघायचा, हे जुन्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. धान्याने आतली हवा खाल्लेली असते, घाई करणारा जिवाला मुकतो. आणि मंगळवेढ्याचे दामाजीपंत तर कीर्तनातून घरोघरी पोहोचलेले. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाचं सरकारी कोठार लोकांना खुलं केलं. परवानगी नव्हती. कथेत विठ्ठल स्वतः जाऊन धान्याची रक्कम भरतो आणि पंत सुटतात. विठ्ठल आला नसता तर? मदतकार्यात काम केलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा प्रश्न मनात कधीतरी विचारला असेल.

इंग्रजांनी कोठाराचा विचारच बाजूला ठेवला. 1876-78 मध्ये धोरण असं होतं की सरकारने धान्याच्या व्यापारात हात घालायचा नाही. काम द्यायचं, मजुरी द्यायची, धान्य व्यापारी आणेल. दुष्काळ चालू असताना हिंदुस्थानातून गहू परदेशी जातच राहिला. व्हाइसरॉयने दुष्काळाच्या देखरेखीला पाठवलेल्या रिचर्ड टेंपलने मजुरी कापून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी धान्यावर दिवसभर खडी फोडायची. मुंबई इलाख्यातल्या कामांवर मजुरांनी याविरुद्ध संप केले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळात कोणी काय करायचं याची सरकारी नियमावली, आला. तलाठ्याच्या पातळीपासून लक्षणं टिपायची, आधी चाचणीची कामं काढायची, मग मोठी कामं. आजच्या पंचनाम्याचं आणि टंचाई आराखड्याचं मूळ तिथेच आहे. त्या कोडने पुष्कळ जीव वाचवले. तरीही गोदामात धान्य भरून ठेवायची जबाबदारी त्यातही सरकारची नव्हती.

ती आली 1943 च्या बंगालच्या दुष्काळानंतर. रेशनिंग आलं, सरकारी खरेदी आली आणि 1965 मध्ये अन्न महामंडळ आलं. 1972 च्या दुष्काळात हा सगळा पाया तपासला गेला. आमच्याकडच्या येवला, नांदगाव, सिन्नरमधल्या म्हाताऱ्यांना विचारा, 'लाल मिलो' हा शब्द ऐकताच तोंड वाकडं होतं. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी, भाकरीला चव नाही. कामावर मिळणारी सुकडी मात्र अजून प्रेमाने आठवतात. पोट दोन्हींनी भरलं, पण माणसं काय खातात हे खरेदी करणाऱ्याने आधी विचारावं, हे इतकं ठळक कुठेच लिहिलेलं नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी याच काळात राज्यभर पसरली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला.

दुष्काळ पायी येतो, भूकंप दार मोडून येतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली आणि महाराष्ट्रातून ट्रकच्या ट्रक निघाले. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. पण न मागता आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले आणि ते निवडायला लागणारे हात दुसरीकडे हवे होते. पुढे 2001 चं भूज आणि 2004 ची त्सुनामी. जगभरात याच सुमारास किमान गरजांचे आकडे ठरत होते. मदत संस्थांनी मिळून ठरवलेल्या 'स्फिअर' मानकांनुसार माणशी रोज 15 लीटर पाणी धरलं जातं. हजार माणसांच्या छावणीला 15,000 लीटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या दीड फेऱ्या. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

मग 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. माझ्या लेखी त्यातली दोन कलमं फार मोलाची आहेत. कलम 30 जिल्हा प्राधिकरणाला मदत आणि बचावाच्या सामग्रीचा साठा करायला, किंवा ती ऐनवेळी मिळेल अशी तजवीज करायला सांगतं. कलम 50 सांगतं की तातडीच्या खरेदीला निविदेची नेहमीची पद्धत लागू धरायची नाही. दामाजीपंतांना जे कवच नव्हतं ते हे. अर्थात सूट आहे म्हणून भाव काहीही लागू नये. त्यासाठी ताडपत्री, ब्लँकेट, कोरडा शिधा, क्लोरीनच्या गोळ्या यांचे दरकरार पावसाळ्याआधीच करून ठेवायचे असतात. ऐन पुरात ताडपत्रीचा भाव विचारणाऱ्याला मिळेल तोच भाव.

नाशिकचा पूर तसा सांगून येतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे कळतं आणि गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं यावर सराफ बाजार, भांडी बाजार माल हलवतो. सप्टेंबर 2008, 2 ऑगस्ट 2016, 4 ऑगस्ट 2019: दर वेळी मारुतीने वेळ दिली. वेळ वाया गेली ती आपल्या बाजूने.

2019 च्या त्या रविवारी मी काठावरच्या एका शाळेत होते. वर्गांमध्ये घरं सोडून आलेली कुटुंबं, भिजलेली दप्तरं, एका आजीच्या मांडीवर देवांचा डबा. सामानाच्या खोलीला कुलूप आणि किल्लीवाला नदीच्या पलीकडे. घाटाजवळचे खालचे पूल पाण्याखाली गेलेले. तासाभराने कुलूप तोडलं. आत चांगली ब्लँकेटं निघाली, पण ताडपत्र्या वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेल्या, उलगडताना घडीघडीवर फाटत गेल्या. सॅनिटरी पॅड एकही नाही. तान्ह्या बाळांसाठी काहीच नाही. पुढच्या पावसाळ्याआधी त्या खोलीच्या दोन किल्ल्या झाल्या, एक या काठाला, एक त्या काठाला, आणि यादी दोन बायांनी बसून नव्याने केली.

साठा राखणं म्हणजे काय, हे खरं तर आमचा कांदा उत्पादक रोज करतो. उन्हाळ कांदा कांदाचाळीत टाकून तो निजत नाही. वारा खेळता ठेवतो, सडका कांदा हाताने वेचून काढतो, नाहीतर एकामागून एक थर जातो. गोदामातही तेच: थप्पी जमिनीला आणि भिंतीला टेकवायची नाही, जुनं आधी काढायचं, औषधांच्या तारखा बघायच्या, मुदत संपायच्या आत माल वापरात आणून नवा भरायचा. 21 एप्रिल 2021 ला नाशिकच्या एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि किमान 22 रुग्ण गेले. त्या दिवशी साठा टाकीत होता, खाटांपर्यंत पोहोचला नाही.

सिंहस्थात गर्दी किती होईल याचे अंदाज लागतील आणि चुकतीलही. 27 ऑगस्ट 2003 ला शाही स्नानाच्या चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले तेव्हा स्ट्रेचर, पाणी, प्रथमोपचार हे सगळं त्या अरुंद गल्लीत, काही मिनिटांत हवं होतं. शहराबाहेरच्या मोठ्या गोदामातून तिथवर काही पोहोचत नाही. म्हणून पंचवटीत, रामकुंडाभोवती, त्र्यंबकच्या रस्त्यावर छोटे साठे लागतील. आणि प्रत्येक खोलीच्या दारावर ती उघडण्याचा अधिकार असलेल्या दोन माणसांची नावं आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत.