खंड्याचं वेगळं पातेलं

आमच्याकडे सांगलीत कुत्र्याचं जेवण म्हणजे कालची भाकरी आणि तिच्यावर उरलेला रस्सा. आई घरात असली तर वरून पळीभर दूध. खंड्या पहिली दोन वर्षं यावरच वाढला. यातली भाकरी निर्दोष आहे, गडबड सगळी रश्श्यात आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आधी भाकरीचं बोलू. कुत्रा लांडग्याच्या कुळातला, त्याला धान्य पचतच नाही, असं हल्ली कुणीही ठासून सांगतं. २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक ॲक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांची आणि लांडग्यांची जनुकं शेजारी ठेवून ताडून पाहिली. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात. कुत्र्यांत ४ पासून ३० पर्यंत सापडल्या. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर जगता जगता कुत्र्याचं पोट बदललं. फक्त आपल्या लाळेत असतं तसं अमायलेज त्याच्या लाळेत नसतं, सगळा भार स्वादुपिंडावर. म्हणून शाळूच्या कण्या त्याच्यासाठी अगदी गरगट शिजवाव्यात.

आता रस्सा. आपल्या भागात उन्हाळ्यात डंकावरून कांदा-लसूण मसाला कुटून आणला की वर्षभर तोच प्रत्येक आमटीत पडतो. कांद्या-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनची नासाडी करतात. त्याचे गोळे तांबड्या पेशींना आतून चिकटतात आणि पेशी फुटायला लागतात. लगेच काही दिसत नाही. तीन-चार दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी काळपट लाल होते. तोवर रस्सा कुणाच्या लक्षातही नसतो. शिजवून, तळून, वाळवून हे विष जात नाही. वाळवल्यावर उलट चमचाभरात जास्त मावतं. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कच्चा कांदा बाधतो असं मानतात, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅमपासून पुढे. रश्शाच्या एका घासाने काही होत नाही, पण रोजच्या रोज थोडं थोडं साठत जातं.

बेदाण्यांचा धडा मात्र एका दुपारीत मिळाला. मावसभाऊ दरवर्षी तासगावहून बेदाणे आणतो. मागच्या वर्षी पिशवी सोफ्यावरच राहिली आणि खंड्याने ती फाडली. किती खाल्ले, कुणालाच सांगता येईना. डॉक्टरांनी आधी उलटी करवली, मग सलाईन, मग दोन दिवस मूत्रपिंडं नीट चाललीत का हे सांगणाऱ्या क्रिएटिनिनच्या तपासण्या. वाचला. आपल्या जिल्ह्याला ज्या बेदाण्याने नाव दिलं, तो कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतो. एक कुत्रा मूठभर खाऊन मजेत फिरतो, दुसरा थोडक्यात जातो, असं का, याचा पत्ता बरीच वर्षं लागत नव्हता. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एएसपीसीए संस्थेच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी दुवा जोडला. घरी केलेली खेळायची माती खाल्लेल्या कुत्र्यात त्यांना अगदी द्राक्षांसारखीच लक्षणं दिसली. त्या मातीत क्रीम ऑफ टार्टर होतं, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. द्राक्षात हे आम्ल भरपूर असतं, पण वाण आणि पिकण्यानुसार कमी-जास्त होतं, म्हणून दर वेळी निकाल वेगळा. टार्टारिक आम्ल ठासून भरलेला आपल्या स्वयंपाकघरातला दुसरा जिन्नस म्हणजे चिंच! पुन्हा आमटीच.

तेव्हापासून खंड्याचं पातेलं वेगळं. तो १० किलोचा. विश्रांतीतल्या उष्मांकांचं सूत्र असं: वजनाचा ०.७५ घात, गुणिले ७०. त्याचे होतात साधारण ३९४. नसबंदी झालेल्या, बेताच्या हिंडत्या-फिरत्या कुत्र्यासाठी त्याला १.६ ने गुणायचं, की दिवसाचे सव्वासहाशेच्या आसपास. घातामुळे एक गंमत होते: २० किलोच्या कुत्र्याला दुप्पट लागत नाही, पावणेदोन पटीला थोडं कमीच. आमचा रोजचा हिशेब म्हणजे दीडशे ग्रॅम चिकन, ८० ग्रॅम कण्या, एक उकडलेलं अंडं, तांबड्या भोपळ्याच्या चार फोडी, दोन छोटे चमचे करडईचं तेल. सगळं अळणी. शिजवलेलं हाड अजिबात नाही, त्याच्या कपच्या आतड्यात रुततात.

हे वाचून कुणी उद्यापासून एवढंच घालायला लागेल, तर फसेल. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की शरीर ते हाडांतून उपसतं. जबडा मऊ पडतो, पिल्लांचे पाय साध्या उडीनं मोडतात. कुत्र्याला १००० उष्मांकांमागे साधारण १ ग्रॅम कॅल्शियम लागतं. अंड्याचं कवच धुऊन, उकळून, कडकडीत वाळवून मिक्सरमध्ये पिठासारखं केलं, तर छोट्या चमच्यात जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम येतं. खंड्याला दिवसाला पाव ते अर्धा चमचा पुरतो. मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियमही बाधतं. त्यांच्यावर असले घरगुती प्रयोग नकोत.

ड जीवनसत्त्व तर वेगळंच प्रकरण. अंगणात पाय पसरून उन्हात पडलेला कुत्रा बघून वाटतं, याला कसली कमी. पण कुत्र्याची कातडी उन्हात ते पुरेसं बनवत नाही, ते ताटातूनच जावं लागतं. एडवर्ड मेलनबी या संशोधकाने शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात पिल्लांना ओटच्या खिरीवर ठेवून मुडदूस घडवला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने बरा केला. माणसाच्या मुडदुसाचं कोडं सुटण्यात कुत्र्याच्या ताटाचा असा वाटा आहे.

२०१३ मध्येच कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. ९५ टक्क्यांत निदान एक तरी आवश्यक घटक कमी होता; जस्त, कोलीन, तांबं ही नेहमीची नावं. त्यातल्या काही कृती पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. म्हणून माझं कोष्टकही मी डॉक्टरांना दाखवलं आणि त्यांनी लिहून दिलेली जीवनसत्त्व-खनिजांची पावडर शिजून निवलेल्या कण्यांत रोज कालवतो. महिन्याच्या खर्चात ती चिकनच्या खालोखाल आहे.

आईने अंड्याची कवचं गुलाबाच्या कुंडीत टाकणं बंद केलंय. आता ती खिडकीत ताटलीत वाळत असतात. खंड्या त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. फोडणीचा वास सुटला की मात्र अजून शेगडीखाली येऊन बसतो.