प्लॅस्टिकमिश्रित डांबरी रस्ते

टाकाऊ प्लॅस्टिकचे बारीक तुकडे तापलेल्या खडीवर वितळवून, त्या खडीत डांबर मिसळून रस्त्याचा सर्वांत वरचा थर घालण्याच्या पद्धतीस प्लॅस्टिकमिश्रित डांबरीकरण म्हणतात. बोलीभाषेत ‘प्लॅस्टिकचा रस्ता’ असा उल्लेख होत असला, तरी वजनाच्या हिशेबाने या थरात नव्वद टक्क्यांहून अधिक खडीच असते, डांबर पाच टक्क्यांच्या आसपास असते आणि प्लॅस्टिक त्या डांबराच्याही सहा ते आठ टक्के एवढेच असते. भारतात ही पद्धत एकविसाव्या शतकाच्या आरंभी विकसित झाली. तिचा मोठ्या प्रमाणावर आणि शासकीय मानकांनुसार वापर करणाऱ्या देशांत भारत अग्रणी आहे.

मदुराई येथील त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी २००१ च्या सुमारास या विषयावर प्रयोग सुरू केले. डांबरात पॉलिमर (लांब साखळीसारख्या रेणूंचे पदार्थ; प्लॅस्टिक हाही त्यांचाच प्रकार) मिसळून डांबराचे गुणधर्म सुधारण्याची कल्पना त्यापूर्वीही रूढ होती, परंतु त्यासाठी कारखान्यात तयार केलेले महागडे पॉलिमर वापरले जात. वासुदेवन यांनी टाकाऊ प्लॅस्टिक डांबरात न घालता थेट तापलेल्या खडीवर घातले, आणि या पद्धतीचे सारे यश त्या एका बदलात आहे. २००२ मध्ये महाविद्यालयाच्या आवारात आणि त्याच वर्षी चेन्नईच्या जम्बुलिंगम स्ट्रीटवर असे रस्ते तयार झाले. २००६ मध्ये महाविद्यालयाला या प्रक्रियेचे पेटंट मिळाले, तर वासुदेवन यांना २०१८ मध्ये पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. वासुदेवन यांचे प्रयोग सुरू होते त्याच सुमारास बंगळुरूमध्ये अहमद खान आणि रसूल खान या प्लॅस्टिक उद्योगातील बंधूंनीही टाकाऊ पिशव्यांचा चुरा डांबरी रस्त्यांत वापरण्यास सुरुवात केली होती.

प्लॅस्टिक मिसळण्याच्या दोन पद्धती आहेत. ओल्या पद्धतीत प्लॅस्टिकची भुकटी गरम डांबरात घालून घोटतात. पॉलिथिलीन, म्हणजे पिशव्यांचे नेहमीचे प्लॅस्टिक, डांबरात पूर्णपणे विरघळत नाही आणि ते डांबरापेक्षा हलके असते, त्यामुळे ढवळणे थांबले की ते वर तरंगू लागते. परिणामी अशा डांबराची साठवण आणि वाहतूक अवघड होते. कोरड्या पद्धतीत ही अडचणच उद्‌भवत नाही. हॉट मिक्स प्लँटमध्ये, म्हणजे खडी व डांबर तापवून मिसळण्याच्या कारखान्यात, खडी सुमारे १६० ते १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली जाते आणि तिच्यावर प्लॅस्टिकचे काही मिलिमीटर आकाराचे, धुऊन वाळवलेले तुकडे टाकले जातात. अर्ध्या ते पाऊण मिनिटात ते तुकडे दिसेनासे होतात आणि धुळकट दिसणाऱ्या खडीवर तेलकट चकाकी येते. प्रत्येक दगडावर प्लॅस्टिकचे पातळ आवरण चढल्याची ती खूण असते. त्यानंतर सुमारे १६० अंशांपर्यंत तापवलेले डांबर त्यात सोडतात, सर्व मिश्रण घोळतात आणि नेहमीप्रमाणे डंपरने रस्त्यावर नेऊन, पेव्हरने पसरून ११० ते १३० अंशांच्या दरम्यान रोलरने दाबतात. नवी यंत्रे फारशी लागत नाहीत, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. मात्र सलग चालणाऱ्या ड्रम प्लँटमध्ये बर्नरच्या ज्वाळेला प्लॅस्टिकचा स्पर्श होणार नाही अशा ठिकाणीच ते आत सोडण्याची सोय करावी लागते. ही दक्षता घेतली नाही तर प्लॅस्टिक वितळण्याऐवजी जळते; मग ना आवरण चढते, ना प्रदूषण टळते.

या आवरणाचा लाभ कसा होतो, हे समजण्यासाठी डांबरी रस्ता पावसात का उखडतो ते पाहावे लागते. दगडाच्या पृष्ठभागाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ अधिक असते. दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत आणि डांबराच्या थरातील फटींत पाणी शिरले की ते डांबर व दगड यांच्या मध्ये जागा करते, वाहनांच्या चाकांखाली त्या पाण्यावर दाब येतो आणि डांबर सुटू लागते. प्रथम खडी मोकळी होते, मग खड्डा पडतो. प्लॅस्टिकचे आवरण दगडाची छिद्रे बुजवते आणि पाण्याला थारा देत नाही. शिवाय पॉलिथिलीन आणि डांबर ही दोन्ही हायड्रोकार्बन (मुख्यत्वे कार्बन व हायड्रोजन यांची संयुगे) वर्गातील असल्यामुळे एकमेकांना घट्ट धरतात. खडी पाण्यात बुडवून ठेवून डांबर किती सुटते ते पाहण्याच्या चाचणीत आवरण चढवलेली खडी साध्या खडीपेक्षा सरस ठरते. ६० अंश तापमानाला नमुन्याची भारक्षमता मोजणाऱ्या मार्शल चाचणीतही मिश्रणाचे स्थैर्य वाढलेले आढळते. त्यामुळे उन्हाळ्यात थर मऊ होऊन चाकोऱ्या पडण्याचा धोका कमी होतो.

येथे दगडाची जातही महत्त्वाची ठरते. तमिळनाडूतील खडी मुख्यत्वे ग्रॅनाइट आणि नाइस वर्गातील खडकांची असते. अशा सिलिकायुक्त दगडाला डांबर तुलनेने कमी चिकटते, म्हणून तेथे आवरणाचा फायदा ठळकपणे दिसला. महाराष्ट्राच्या बहुतांश भागातील काळा बेसाल्ट मुळातच डांबराला चांगला धरतो. त्यामुळे तमिळनाडूचे आकडे जसेच्या तसे दख्खनच्या पठारावर लागू करणे योग्य नव्हे. प्रत्येक खाणीच्या खडीसाठी मिश्रणाची स्वतंत्र चाचणी घ्यावी लागते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चेन्नई, इरोड आणि मदुराई येथे २००२ ते २००६ या काळात बांधलेल्या अशा रस्त्यांची तपासणी करून आपला अहवाल तयार केला. बेंकेलमन बीम या उपकरणाने भाराखाली रस्ता किती लवतो ते मोजण्यात आले, पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि उंचसखलपणाही तपासण्यात आला. त्या रस्त्यांवर खड्डे, चाकोऱ्या किंवा खडी निघणे यांसारखे दोष आढळले नाहीत. त्यापुढे रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या भारतीय रोड काँग्रेस या संस्थेने २०१३ मध्ये कोरड्या पद्धतीसाठी मार्गदर्शक मानक प्रसिद्ध केले. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांच्या हद्दीपासून ५० किलोमीटरच्या आत, डांबरी थराच्या नूतनीकरणाच्या कामांत टाकाऊ प्लॅस्टिकचा वापर हाच नियम ठरवला. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतही या पद्धतीने रस्ते बांधण्यात आले.

सर्वच प्लॅस्टिक या कामास चालत नाही, आणि सर्वाधिक गफलत याच मुद्द्यावर होते. कमी घनतेचे पॉलिथिलीन सुमारे ११० अंशांना, अधिक घनतेचे सुमारे १३० अंशांना वितळते. म्हणजे तापलेल्या खडीवर ही दोन्ही सहज पसरतात. पाण्याच्या बाटल्यांचे पीईटी मात्र २५० अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे बाटल्यांचे जाड तुकडे खडीत तसेच राहतात. पाइपांसाठी वापरले जाणारे पीव्हीसी तर पूर्णपणे वर्ज्य आहे, कारण ते तापले की हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू बाहेर पडतो. वारंवार पुनर्वापर होऊन गुणधर्म हरवलेले काळे प्लॅस्टिकही मानकानुसार वापरता येत नाही. चिवडा, वेफर्स यांच्या बहुस्तरीय वेष्टनांत वेगवेगळ्या जातींचे थर एकमेकांस चिकटवलेले असतात आणि ते वेगवेगळ्या तापमानाला मऊ होतात, म्हणून त्यांचा सरसकट वापर करता येत नाही. माती आणि इतर अशुद्धता एक टक्क्याच्या आत असावी लागते. कचरा डेपोतून उचललेली, खरकट्याने आणि चिखलाने माखलेली पिशवी ही अट पूर्ण करू शकत नाही.

म्हणून या रस्त्याची गुणवत्ता हॉट मिक्स प्लँटच्याही आधी, कचरा वेगळा करण्याच्या शेडमध्ये ठरते. घरातून सुका कचरा वेगळा निघाला, कचरावेचकांनी त्यातील पातळ फिल्म निवडली, ती धुऊन, वाळवून, यंत्रात कापून पोत्यांत भरली, तरच कंत्राटदाराच्या हाती वापरण्याजोगा माल पडतो. केरळमध्ये याची सोय राज्याच्या पातळीवर करण्यात आली आहे: हरित कर्म सेनेच्या महिला घरोघरी जाऊन प्लॅस्टिक गोळा करतात आणि क्लीन केरळ कंपनी कापलेले प्लॅस्टिक रस्त्यांच्या कामासाठी पुरवते. कोल्लम जिल्ह्यातील नीण्डकरा बंदरात २०१७ मध्ये ‘शुचित्व सागरम्’ हा उपक्रम सुरू झाला. मासेमारी करताना जाळ्यात आलेले प्लॅस्टिक समुद्रात परत न टाकता मच्छीमार ते किनाऱ्यावर आणतात, महिला ते निवडून धुतात आणि त्याचा चुरा रस्त्यांत वापरला जातो. या कामाला रोजगाराचा दर्जा आणि दाम मिळाले, हे या उपक्रमाचे विशेष मोल आहे.

महाराष्ट्रातील लक्षणीय उदाहरण रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथील आहे. तेथील रिलायन्स कंपनीच्या कारखान्याच्या आवारात सुमारे ५० टन टाकाऊ प्लॅस्टिक वापरून सुमारे ४० किलोमीटर रस्ते तयार केल्याचे कंपनीने २०२० मध्ये जाहीर केले. कोकणातील मुसळधार पाऊस लक्षात घेता हे ठिकाण या पद्धतीची परीक्षा पाहणारे आहे. राज्यात २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाल्यानंतर जप्त केलेल्या आणि जमा झालेल्या पिशव्यांचे काय करायचे, हा प्रश्न पुढे आला आणि तेव्हा रस्त्यांचा पर्याय सार्वजनिक चर्चेत आला. दुधाच्या रिकाम्या पिशव्या मात्र या कामाला लावणे हा अपव्यय आहे. त्यांचे पॉलिथिलीन चांगल्या प्रतीचे असते, भंगारात त्यांना भाव मिळतो आणि त्यांपासून पुन्हा वस्तू बनवता येतात. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांतही, ज्याचा आणखी पुनर्वापर होऊ शकत नाही अशा प्लॅस्टिकलाच रस्त्यांत प्राधान्य द्यावे, असे म्हटले आहे. ही अट पाळली न गेल्यास रस्ता हा पुनर्वापराला पूरक न राहता त्याचा स्पर्धक बनतो.

रस्त्यात किती प्लॅस्टिक मावते, याचा हिशेब मांडून पाहणे उपयुक्त आहे. ३.७५ मीटर रुंदीच्या एकपदरी रस्त्यावर २५ मिलिमीटर जाडीचा थर घातला, तर एका किलोमीटरला साधारण २१५ टन मिश्रण लागते. त्यात पाच टक्के डांबर धरल्यास ते पावणेअकरा टन होते आणि त्याच्या आठ टक्के प्लॅस्टिक म्हणजे सुमारे ८६० किलो. जेवढे प्लॅस्टिक जाते, साधारण तेवढे डांबर वाचते आणि खर्चातील बचत तेथूनच होते. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आकडेवारीनुसार देशात २०२०-२१ मध्ये सुमारे ४१ लाख टन प्लॅस्टिक कचरा निर्माण झाला. वर्षभरात अशा थराचे एक लाख किलोमीटर एकपदरी रस्ते केले, तरी त्यात एक लाख टनही प्लॅस्टिक संपत नाही. प्लॅस्टिकच्या प्रश्नावर रस्ते हा तोडगा आहे, असे जे वारंवार सांगितले जाते, ते या हिशेबापुढे टिकत नाही.

दुसरी मर्यादा स्थापत्याची आहे. प्लॅस्टिकचा उपयोग केवळ वरच्या थरापुरता होतो. काळ्या मातीवर नीट भराव न घालता बांधलेला, बाजूचे गटार तुंबलेला, खालच्या थरांची दबाई कच्ची राहिलेला रस्ता वर प्लॅस्टिक घातले तरी खचतोच. शिवाय प्रमाण वाढवले तर मिश्रण अधिक ताठर होते आणि त्यास तडे जाण्याची शक्यता वाढते, म्हणून आठ टक्क्यांची मर्यादा ओलांडली जात नाही.

भारताबाहेर या कल्पनेला निराळी वळणे मिळाली. स्कॉटलंडमधील मॅकरेबर या कंपनीने टाकाऊ प्लॅस्टिकपासून तयार केलेले दाणे डांबरी मिश्रणासाठी विकण्यास सुरुवात केली. नेदरलँड्समधील झ्वोले शहरात सप्टेंबर २०१८ मध्ये खुला झालेला ३० मीटर लांबीचा सायकलमार्ग तर डांबराविनाच, पुनर्वापरित प्लॅस्टिकचे पोकळ ठोकळे जोडून तयार केलेला होता. पावसाचे पाणी आणि केबल यांसाठी ती पोकळी ठेवलेली होती.

पर्यावरणाच्या दृष्टीने दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे लागते. पहिली म्हणजे तापमान. पॉलिथिलीनचे विघटन २७० अंशांच्या पुढे सुरू होते, त्यामुळे १७० अंशांच्या आसपास काम चालले तर विषारी वायूंचा धोका राहत नाही. परंतु तापमापक नसलेल्या छोट्या प्लँटवर खडी किती तापली हे अंदाजाने ठरवले गेले, तर ही सुरक्षितता उरत नाही आणि त्याची झळ सर्वप्रथम तेथे राबणाऱ्या मजुरांना बसते. दुसरी म्हणजे झीज. वाहनांच्या चाकांनी वरचा थर झिजतो, तेव्हा त्यासोबत प्लॅस्टिकचे सूक्ष्म कणही सुटू शकतात. टायरच्या रबराची झीज हा रस्त्यावरील सूक्ष्मकणांचा मोठा स्रोत असतोच. त्यात या थराची भर किती पडते, हे पावसाळी गटारांतील पाण्याचे आणि रस्त्याकडेच्या मातीचे नमुने अनेक वर्षे घेतल्यावरच ठरवता येते. थराचे आयुष्य संपल्यावर तो खरवडून काढलेला माल पुन्हा तापवून नव्या कामात वापरला जातो, तेव्हा त्यातील प्लॅस्टिकही पुन्हा तापते. म्हणून कोणत्या रस्त्याच्या कोणत्या किलोमीटरमध्ये, कोणत्या साली, कोणत्या जातीचे आणि किती प्लॅस्टिक घातले, याची नोंद कामाच्या कागदपत्रांत कायम ठेवणे आवश्यक असते.