पोटातलं ब्लीडिंग आणि 'स्टेबल' या शब्दाची भानगड

मुंबईत पालिकेच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीबाहेर तासभर बसलात तरी "पेशंट सध्या स्टेबल आहे" हे वाक्य कानावर पडतंच. ते ऐकलं की नातेवाईक गावी फोन लावतात, काळजी करू नका म्हणून. आणि पेशंट कोण, तर लोकलमधून पडलेला नाहीतर बाइकचं हँडल पोटात लागलेला, बाहेरून नुसतं खरचटलंय पण आत प्लीहा (स्प्लीन, पोटात डावीकडे बरगड्यांखालचा अवयव) फाटलीय.

पूर्वी हा शब्द लागायचाच नाही, कारण प्लीहा फाटली की काढून टाकायची, विषय संपला. मग 1952 मध्ये छापून आलं की प्लीहा काढलेल्या तान्ह्या मुलांना नंतर जीवघेणी इन्फेक्शन्स होतायत, आणि पुढे कॅनडात मुलांच्या सर्जननी पोट न उघडता थांबून बघायला सुरुवात केली. तेव्हा हे बऱ्याच जणांना वेडेपणा वाटला. त्याच सुमारास, 1965 मध्ये, उलट्या दिशेची टेस्ट आली, पोटात नळी घालून लिटरभर सलाइन सोडायचं, परत येताना लाल आलं की उघडा! ती टेस्ट इतकी संवेदनशील की थोड्याशा रक्तासाठीही पोटं उघडली गेली. नव्वदीत कॅज्युअल्टीत सोनोग्राफी आली तशी ही नळीची टेस्ट मागे पडली. (आपल्याकडे 1994 च्या गर्भलिंगनिदान कायद्यामुळे प्रत्येक मशीनची नोंदणी लागते, कायदा हवाच, पण कॅज्युअल्टीत एक मशीन ठेवायचं तरी कागदपत्रं आलीच.)

आता पोट न उघडता थांबायचं म्हटलं तर कुठल्या पेशंटच्या बाबतीत थांबायचं? इथे 'स्टेबल' घुसला आणि खरा घोळ झाला. डॉक्टरच्या तोंडी त्याचा अर्थ एवढाच की बीपी टिकून आहे, सीटीला न्यायला हरकत नाही. नातेवाईक ऐकतात 'धोका टळला'. त्यात मोठ्या माणसाच्या अंगात रक्त साधारण 5 लिटर, त्यातलं 30 टक्क्यांपर्यंत म्हणजे दीडेक लिटर गेलं तरी झोपलेल्या तरुण पोराचं बीपी ठीक दिसू शकतं, आधी वाढते ती नाडी. शिवाय दोन बाटल्या चढवल्या की बीपी वर येतं आणि अर्ध्या तासात परत खाली, मग मधल्या अर्ध्या तासात तो स्टेबल होता का? माझ्या मते नव्हता, पण केसपेपरवर तसंच लिहिलं जातं.

बाटल्यांवरही 1994 मध्ये वाद झाला, अमेरिकेतल्या एका अभ्यासात ऑपरेशनपर्यंत सलाइन रोखलेले पेशंट जास्त वाचले, कारण बीपी चढवलं की धरलेली गुठळी निसटते आणि रक्तही पातळ होतं. ते पेशंट मात्र भोसकलेले किंवा गोळी लागलेले होते, लोकलमधून पडलेल्याला ते जसंच्या तसं लावता येत नाही.

2010 च्या मोठ्या अभ्यासानंतर रक्त गोठून राहायला मदत करणारं एक स्वस्त इंजेक्शन रुळलं, पण लागल्यापासून 3 तासांच्या आत, उशिरा दिलं तर उलट अपायच दिसला. म्हणून "किती वाजता पडला?" हे पुन्हापुन्हा विचारतात, आणि रुळांवर सापडलेल्या माणसाबाबत ते बरेचदा कोणालाच माहीत नसतं.