फ्रिजवर कोड आला म्हणजे बोर्ड उडाला?

‘डिस्प्लेवर कोड दिसतोय ना, मग बोर्ड गेला’ हे वाक्य आपल्याकडे इतक्यांदा ऐकू येतं की लोक न तपासताच नव्या बोर्डसाठी (म्हणजे फ्रिज चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटसाठी) हजारो रुपये मोजायला तयार होतात. कोड नेमका कोणता भाग बिघडला ते सांगत नाही. कुठल्या ठिकाणाहून अपेक्षित उत्तर आलं नाही, एवढंच तो सांगतो.

एलजीच्या अनेक फ्रिजवर दिसणारा ‘ईआर एफएफ’ घ्या. अर्थ: फ्रीझरचा पंखा नीट फिरत नाही. पंखा जळालेला असू शकतो, वायर सैल असू शकते, पण पात्यांना बर्फ अडकल्यानेही हाच कोड येतो. दार नीट न लागल्याने दमट हवा आत शिरते आणि बर्फ साचतो. पावसाळ्यात तर जास्तच. अशा वेळी सामान बाहेर काढून, प्लग काढून, दारं रात्रभर उघडी ठेवा आणि खाली जुनी चादर टाका. बर्फ सुरीने मात्र खरवडू नका. आतली नळी फुटली तर गॅस जाईल, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमधला आर६००ए गॅस ज्वलनशील असतो.

‘ऑफ’ दिसतंय, दिवा लागतोय, पण गारवा नाही? एलजी-सॅमसंगमध्ये हा बहुधा दुकानातला डेमो मोड असतो. बटणांनी बंद होतो. कोणती बटणं, ते मॉडेलच्या पुस्तिकेत पाहा. एका कंपनीचा कोड दुसरीला लावू नका.

प्लग काढून परत लावल्यावर कोड गेला, तरी कारण तिथेच असू शकतं. तोच कोड परत आला तर मेकॅनिकला बोलवा, आणि बोर्ड बदलण्याआधी सेन्सर (तापमान ओळखणारा भाग) मल्टिमीटरने तपासायला सांगा.