प्रायोगिक शर्यती शिडाच्या होड्या

प्रायोगिक शर्यती शिडाच्या होड्या : शर्यतीसाठीच बांधलेल्या, पण त्या काळची रूढ घडण सोडून एखादी नवी कल्पना पाण्यावर अजमावणाऱ्या होड्या. वजन, धडाचा (होडीच्या मुख्य अंगाचा) आकार, कील (तळाखाली उभे बसवलेले पाते), सुकाणू, शीड किंवा धडांची संख्या यांपैकी कशात तरी त्यांच्या रचनाकाराने जोखीम घेतलेली असते. यांतल्या काही जिंकल्या, काही मोडल्या आणि काहींवर जिंकल्यामुळेच बंदी आली. आज जगातल्या सर्वांत वेगवान होड्यांमध्ये दिसणारी बहुतेक तंत्रे पन्नास ते शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी या ना त्या रूपात करून पाहिली होती. या होड्या आठवायच्या त्या प्रामुख्याने यासाठी.

कोल्हापूरकराला समुद्र बघायचा तर घाट उतरावा लागतो, पण या होड्यांमागचे मूळ गणित रंकाळ्यावरही दिसते. वल्ह्यांची होडी जोरात हाणली की नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, एक लाट उठते आणि मागे दुसरी. जोर वाढवावा तसे या दोन लाटांमधले अंतर वाढत जाते आणि शेवटी होडी स्वतःच्याच दोन लाटांमधल्या खळग्यात बसते. त्यानंतर कितीही जोर लावला तरी ती नाक वर करून चढ चढत राहते, वेग मात्र फारसा वाढत नाही. जड होडीची ही मर्यादा काढण्याचे साधे सूत्र आहे : पाण्यालगतची लांबी फुटांत घ्यायची, तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणायचे, उत्तर नॉटमध्ये येते. २५ फुटी होडीला ६.७ नॉट, म्हणजे तासाला साधारण १२.४ किलोमीटर. रचनाकारांची सगळी धडपड या आकड्यातून सुटण्याची आहे. होडी लांब करा, हलकी करून लाटेच्या पाठीवर चढवा, सुईसारखी बारीक दोन-तीन धडे जोडा, नाहीतर धड पाण्याबाहेरच उचला. यापलीकडे फारशा वाटा नाहीत.

दुसरी झुंज नियमांशी असते. लहानमोठ्या होड्या एका शर्यतीत उतरवायच्या तर मापे घेऊन सूत्र लावावे लागते, आणि सूत्र आले की त्यातली फट शोधणारा रचनाकार येतोच. १९०३ ची ‘रिलायन्स’ हे त्याचे सर्वांत भव्य उदाहरण. अमेरिकेचे नॅथॅनियल हेरेशॉफ यांनी ती अमेरिका चषक या शिडाच्या होड्यांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी रचली. तेव्हाचा नियम पाण्यालगतची लांबी आणि शिडाचे क्षेत्रफळ एवढेच मोजायचा, आणि लांबीची मर्यादा ९० फूट होती. हेरेशॉफ यांनी स्थिर पाण्यात ही मर्यादा पाळली, पण नाळ आणि मागची बाजू पाण्यावर इतकी लांब पसरवली की एकूण लांबी १४४ फुटांच्या आसपास गेली. वाऱ्याने होडी कलली की हा पसरलेला भाग पाण्याला टेके आणि मोजलेली होडी प्रत्यक्षात लांब होई. तिचे शीड होते सुमारे १६,१६० चौरस फूट. आपल्या मापात जवळजवळ १५ गुंठे! एका काठीवर १५ गुंठ्यांचे कापड डोळ्यांसमोर आणून पाहावे. आव्हान द्यायला आलेल्या ‘शॅमरॉक ३’ला हरवून तिने चषक राखला आणि १९१३ मध्ये ती भंगारात मोडली गेली. असे प्रकार थांबावेत म्हणून नवा नियम तयार झाला, तोही हेरेशॉफ यांनीच मांडलेला.

याच हेरेशॉफ यांनी १८७६ मध्ये ‘अमॅरिलिस’ नावाची दोन धडांची होडी न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली होती. तिने साऱ्यांना मागे टाकले, तक्रार झाली आणि अशा होड्यांना नेहमीच्या शर्यतींची दारे बंद झाली. सिद्ध झालेली एक कल्पना त्यामुळे कित्येक दशके मागे पडली. १९३८ मध्ये इंग्लंडात पीटर स्कॉट आणि जॉन विंटर यांनी ‘थंडर अँड लायटनिंग’वर डोलकाठीच्या दोराला लटकून, सबंध अंग होडीबाहेर काढून तोल सांभाळला आणि शर्यत जिंकली. त्यावरही लगेच बंदी आली. आज हलक्या शर्यती होड्यांवर हेच ‘ट्रॅपीझ’ सर्रास दिसते.

हलकेपणाचे मोल आपल्याकडे वेगळे सांगायला नको. शर्यतीचा छकडा आणि उसाची गाडी दोन्ही बैलच ओढतात, पण एकाचे काम दुसऱ्याला जमत नाही. समुद्रात मात्र ‘जड ती सुरक्षित’ ही समजूत फार काळ टिकली. तिला पहिले मोठे धक्के देणाऱ्यांत नेदरलँड्सचे व्हान दे श्टाट होते. १९४९ च्या ‘झेफाल्क’मध्ये त्यांनी प्लायवूडचे कोनदार, हलके धड घेतले आणि सुकाणू कीलपासून सोडवून मागे वेगळे बसवले. तोवर समुद्रात जाणाऱ्या होडीचे सुकाणू लांबलचक कीलच्या मागच्या कडेला टांगलेले असे. महाराष्ट्राच्या किनाऱ्याशी या घराण्याचे नाते आहे : भारतीय नौदलाची ‘म्हादेई’ याच रचना-कार्यालयाच्या आराखड्यावर गोव्यात दिवाडी बेटावर बांधली गेली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये मुंबईहून निघून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

न्यूझीलंडचे जॉन स्पेन्सर यांचीही प्लायवूडची कोनदार होडी, पुढे ‘रॅगटाइम’ या नावाने ओळखली गेलेली, १९७३ मध्ये लॉस एंजेलिस ते होनोलुलू या शर्यतीत सर्वांत आधी पोहोचली. महागड्या ‘विंडवर्ड पॅसेज’ या होडीपुढे ती साडेचार मिनिटेच होती, पण तेवढ्याने दिशा पालटली. १९७७ मध्ये बिल ली यांनी कॅलिफोर्नियात, पूर्वी कोंबड्या पाळायच्या शेडमध्ये, ‘मर्लिन’ बांधली. लांबी ६७ फूट, वजन सुमारे ११ टन. त्या लांबीच्या तेव्हाच्या होड्यांच्या मानाने हे वजन नगण्यच. तिने हीच शर्यत ८ दिवस ११ तास १ मिनिट ४५ सेकंदांत पुरी केली आणि तो विक्रम २० वर्षे टिकला. शेडमध्ये उभे राहून, घरच्या हत्यारांनी जगाला मागे टाकणारे यंत्र घडवणे काय असते, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

कीलचा प्रयोग समजायला एक फळी पुरते. ही नोंद लिहिणाऱ्याने दीड फुटाची फळी, तिच्यावर कापडाचे शीड, असे राजाराम तलावात सोडून पाहिले आहे. खाली काही नसताना फळी वाऱ्यासरशी आडवी वाहत गेली. मग तळाला हाताएवढा पत्रा उभा ठोकला आणि त्याच्या टोकाला शिशाची पट्टी गुंडाळली. तीच फळी आता आडव्या वाऱ्यात पुढे सरकू लागली आणि कलली तरी उलटेना. आडवे वाहणे रोखायचे आणि तोल धरायचा, ही कीलची दोन कामे.

१९८३ च्या ‘ऑस्ट्रेलिया २’ने ही दोन्ही कामे नव्या आकाराने केली. बेन लेक्सन यांच्या नावावर असलेल्या या होडीचे कील वरच्यापेक्षा खाली रुंद होते आणि टोकाला दोन्ही बाजूंनी शिशाचे पंख फुटले होते. वजन खोल गेल्याने होडी ताठ राही. कीलच्या टोकावरून पाणी एका बाजूकडून दुसरीकडे निसटते आणि भोवरे होऊन शक्ती वाया जाते, ती पंखांमुळे कमी जाई. होडी कलली की एक पंख आणखी खोल उतरे. या आकाराचा साचा कसा करायचा, हे ओतकामातला माणूस पटकन ओळखेल : खाली रुंद आणि आडवे पंख म्हणजे पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) सरळ वर निघणार नाही, तो फोडूनच करावा लागणार. शिसे ३२७ अंशांना वितळते, बिडाच्या मानाने ते सोपेच. अवघड आहे तो आकार. आकाराच्या चाचण्या नेदरलँड्समध्ये झाल्या होत्या, त्यावरून श्रेयाचा वादही झाला. होडी पाण्याबाहेर काढली की तळाभोवती कापड गुंडाळून ठेवत. २६ सप्टेंबर १९८३ ला तिने ‘लिबर्टी’ला ४-३ असे हरवले. अमेरिकेकडे १३२ वर्षे असलेला अमेरिका चषक गेला आणि त्यानंतरच ते कील लोकांसमोर उघडे झाले.

तोल राखायला वजन बाजूला सरकवण्याचे प्रयोग याहून जुने. न्यूझीलंडचे जिम यंग यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘फायरी क्रॉस’वर कीलच एका बाजूला झुकवता येईल अशी योजना केली. फ्रान्सचे एरिक ताबार्ली यांच्या ‘पेन ड्यूक ५’मध्ये दोन्ही कुशींना टाक्या होत्या. ज्या बाजूने वारा, त्या बाजूच्या टाकीत पाणी भरायचे. तिच्यावरून त्यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते टोकियो ही एकट्याने करायची शर्यत जिंकली.

अनेक धडांच्या होड्या हा या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग, आणि कोकणची उलांडी पाहिलेल्याला सर्वांत ओळखीचा. होडीपासून काही अंतरावर आडव्या काठ्यांनी बांधलेला तरंगता ओंडका, म्हणजे उलांडी, होडीला कलंडू देत नाही. हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या किनाऱ्यांवर हे तंत्र फार जुने आहे. युरोप-अमेरिकेच्या रचनाकारांनी ते विसाव्या शतकात गांभीर्याने घेतले. डिक न्यूइक यांची ४० फुटी ‘चीअर्स’ १९६८ मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या शर्यतीत तिसरी आली. दिशा बदलताना ती वळतच नसे. शीड फिरवायचे, की नाळ मागे आणि मागची बाजू पुढे. त्याच वर्षी ताबार्ली यांनी अॅल्युमिनियमची तीन धडांची ‘पेन ड्यूक ४’ उतरवली. पुढे अलाँ कोला यांनी तिच्यावरून १९७२ ची अटलांटिक शर्यत जिंकली आणि तिचे नाव ‘मानुरेवा’ ठेवले. १६ नोव्हेंबर १९७८ ला अझोर्स बेटांच्या परिसरातून कोला यांचा शेवटचा संदेश आला. माणूस आणि होडी, दोन्ही कधीच सापडली नाहीत.

निव्वळ वेगासाठी बांधलेली ‘क्रॉसबो’ वेगळ्याच जातीची. टिम कोलमन यांनी १९७२ मध्ये इंग्लंडच्या पोर्टलंड बंदरात तिच्यावरून २६.३ नॉट, तासाला सुमारे ४९ किलोमीटर, वेग गाठला. साठ फुटांचे बारीक धड, आणि वाऱ्याच्या बाजूला लांब आडव्या दांड्याच्या टोकाशी एक छोटी उलांडी. वारा वाढला की खलाशी दांड्यावरून उलांडीकडे जायचे, पडला की मागे फिरायचे. जिवंत माणसे हेच तिचे सरकते वजन. वारा एकाच बाजूने घेऊन धावेल अशी तिची रचना होती, दुसऱ्या बाजूची सोयच नाही. ‘क्रॉसबो २’ने १९८० मध्ये ३६ नॉट गाठले.

होडीला पाण्यातल्या पंखांवर उचलण्याची कल्पनाही आजची नाही. गॉर्डन बेकर यांची ‘मॉनिटर’ १९५५ मध्ये अमेरिकेत पाण्यावर उचलून धावली. डेव्हिड कायपर यांची ‘विलीवॉ’ १९७० मध्ये कॅलिफोर्नियाहून हवाईला गेली. १९८० मध्ये ताबार्ली यांनी पंखांच्या ‘पॉल रिकार’वरून १९०५ चा अटलांटिक ओलांडण्याचा विक्रम मोडला. ताशी १०० किलोमीटरचा टप्पा मागे टाकून थेट ६५.४५ नॉट, तासाला १२१ किलोमीटर, हा वेग पॉल लार्सन यांनी ‘सेलरॉकेट २’वर नामिबियात २०१२ मध्ये नोंदवला.

प्रयोगाची किंमतही या नोंदीत असायला हवी. १९६८ च्या पहिल्या एकट्याने विनाथांबा पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट तीन धडांची ‘टेनमथ इलेक्ट्रॉन’ घेऊन निघाले. उलटलेली होडी आपोआप सरळ करणारी हवेची पिशवी आणि तिची विद्युत योजना ही त्यांची मूळ कल्पना, पण ती वेळेत पुरी झाली नव्हती. १० जुलै १९६९ ला होडी अटलांटिकमध्ये रिकामी सापडली. ती शर्यत पुरी केली एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, ३२ फुटी ‘सुहेली’वरून. ती मुंबईत सागाच्या लाकडात बांधलेली, जुन्या घडणीची, संथ होडी होती. प्रयोगाची बाजू घेणाऱ्या प्रत्येकाने या दोन होड्या शेजारी ठेवून पाहाव्यात. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ होड्या निघाल्या, वादळात १५ खलाशी गेले. त्या काळच्या मापन-सूत्राला धरून मधे फुगीर आणि मागे निमुळत्या होड्या बांधल्या जात. त्यानंतर होडीच्या स्थिरतेचा अभ्यास नव्याने सुरू झाला.

त्या सूत्रातल्या होड्यांच्या कुशीवर काही ठिकाणी विचित्र फुगवटे दिसतात. मोजमापाची पट्टी नेमकी तिथे लागायची, हे ठाऊक नसेल तर फुगवटा म्हणजे वेडेपणा वाटतो. होडीसोबत तिचा नियम, तिचा समुद्र आणि तिच्या चुका टिपून ठेवल्या नाहीत तर आकार उरतो आणि अर्थ जातो. उद्यमनगरात ज्याचा नंबर पुसला आहे असा जुना लाकडी पॅटर्न हातात घेतल्यावर हेच होते : घडण सुरेख, पण कुठल्या इंजिनाचा कुठला भाग, सांगणारे कुणी नाही.

काही बाबतीत जपणूक चांगली झाली आहे. हेरेशॉफ यांचे आराखडे अमेरिकेत एमआयटीच्या संग्रहात आहेत, ‘ऑस्ट्रेलिया २’ फ्रीमँटलच्या संग्रहालयात आहे, ‘चीअर्स’चा फ्रान्समध्ये जीर्णोद्धार झाला. ‘टेनमथ इलेक्ट्रॉन’चे अवशेष मात्र कॅरिबियनमधल्या केमन ब्रॅक बेटावर उघड्यावर पडून झिजत गेले. ‘मर्लिन’ पुढे अनेक हातांतून गेली, आणि २०१७ मध्ये, पहिल्या विक्रमानंतर ४० वर्षांनी, बिल ली स्वतः तिच्यावरून पुन्हा होनोलुलूच्या शर्यतीत उतरले.